साबणाची वडी आणि दहावीचा धडा



मुलं नववी-दहावीत गेली की पुस्तकात 'जागतिक व्यापार', 'राष्ट्र-राज्य', 'बहुराष्ट्रीय कंपनी' असे भारदस्त शब्द येतात. मुलं ते घोकतात, पेपरात उतरवतात आणि सुट्टी लागली की विसरतात. "हे बाई आपल्याला कुठलं शिकवता येणार?" असं पुष्कळजणी म्हणतात. का नाही येणार? आपल्या बुलढाणा जिल्ह्याइतका सोपा धडा दुसरीकडे मिळायचा नाही!

सुरुवात मोरीतल्या साबणापासून करा. खामगावच्या एमआयडीसीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा कारखाना आहे. कामगार आपल्या भागातले, पण मूळ कंपनी लंडनची. एक ब्रिटिश आणि एक डच कंपनी १९३० साली एक झाली, त्यातून ती उभी राहिली. अनेक देशांत कारखाने आणि बाजार असलेली, म्हणून बहुराष्ट्रीय. एवढं सांगितलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

मग तेलाच्या डब्याकडे वळा. आपल्या देशात पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारनं स्वतःच्या लोकांना तेल महाग पडू नये म्हणून निर्यात बंद केली. साधारण साडेतीन आठवडे ती बंद होती, आणि इकडे तेलाच्या भावाची काळजी आपल्याला! कंपनी कितीही मोठी असो, सरहद्दीवरचं दार उघडायचं की लावायचं हे सरकार ठरवतं. राष्ट्र-राज्य म्हणतात ते हेच.

पण एके काळी उलटंही झालं होतं, हेही सांगा. १८५३ साली निजामाच्या थकलेल्या कर्जापोटी आपल्या वऱ्हाडाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीनं हाती घेतला. व्यापाराला आलेली कंपनीच आपली सरकार झाली! पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या ओस पडल्या आणि वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपलं, भाव उतरले. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तोही कापसासाठीच.

आता खरी गोष्ट. ज्या घरात कापूस पिकतो, तिथलं मूल वडिलांचा उतरलेला चेहरा बघतं. त्याला वाटतं, बाबांचंच काही चुकलं असेल. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. त्याच महिन्यात अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर लावला होता. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, शेतकऱ्याला भाव पडायची धास्ती होती. दोघांचंही म्हणणं मुलांपुढे ठेवा. कुणाला गिरणीवाला करा, कुणाला शेतकरी, धाकट्याला मंत्री करा आणि घालू द्या वाद! तुम्ही मध्ये निकाल देऊ नका.

फक्त दोन पथ्यं सांभाळा. "परदेशी कंपनी म्हणजे लुटारू" असं शिकवू नका, तिथं शेजारणीचा मुलगा नोकरीला असेल. आणि "कंपनी आली म्हणजे भलं झालं" असंही नको. माल कुठला, भाव कोणी ठरवला, नफा कुठे गेला, हे विचारायची सवय लावा, म्हणजे झालं.

मार्क तर मिळतीलच हो. पण आपल्या माणसाच्या कष्टात खोट नव्हती, भाव दूरवर कुठेतरी हलला, एवढं त्या मुलाला उमगलं तर बापाकडे बघायची त्याची नजर बदलेल. तेवढ्यासाठी रविवारची एक दुपार द्यायला काय हरकत आहे?