न विचारता थाटलेली बिऱ्हाडे

20 जुलै 2023च्या सकाळी महाराष्ट्रातल्या असंख्य फोनांनी एकाएकी भोंगा वाजवला. नेहमीच्या रिंगटोनशी त्या आवाजाचे काही नाते नव्हते. पडद्यावर ‘इमर्जन्सी अलर्ट’ अशी पाटी झळकली आणि खाली हा दूरसंचार विभागाचा चाचणी-संदेश असल्याचा खुलासा. तो खुलासा पुरता वाचण्याआधीच अनेकांनी घाबरून फोन बंद केला आणि दुपारपर्यंत घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच प्रश्न फिरत राहिला : आपला फोन हॅक तर झाला नाही ना?

हॅक काही झाले नव्हते. तो संदेश कोणाच्याही नंबरवर धाडलेला नव्हता. मोबाइलच्या टॉवरने तो आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांकडे एकदम सोडला आणि प्रत्येक फोनमध्ये पहिल्या दिवसापासून बसलेल्या एका छोट्या ॲपने तो झेलला. पूर, वीज, दरड यांची सूचना नेटवर्कवर गर्दी असतानाही पोहोचावी म्हणून ही सोय आहे. हे ॲप आपण कधी उतरवून घेतले नव्हते, उघडले नव्हते, त्याचे नावही ऐकले नव्हते. एरवी गप्प बसून कान टवकारून राहणे एवढेच त्याचे काम.

असे मुके रहिवासी आपल्या फोनमध्ये किती आहेत, हे ज्याने त्याने एकदा पाहावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’वर जाऊन कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमधून ‘सिस्टम दाखवा’ म्हटले की यादी जी सुरू होते ती संपता संपत नाही. काही फोनांत ही सोय फिल्टरच्या चिन्हाखाली दडलेली असते. शंभराच्या वर नावे, त्यातली बहुतेक अगम्य. ती पाहून माणसाची एक तर छाती दडपते, नाहीतर तो यादी मिटून पुन्हा तिकडे फिरकत नाही. छाती दडपलेल्यांसाठी ‘ही दहा ॲप्स आत्ताच बंद करा’ असे ओरडणारे व्हिडिओ हजर असतातच. भीती आणि बेफिकिरी या दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. ‘सिस्टम’ या एकाच पाटीखाली फोनचा कणा असलेली ॲप्स आणि निव्वळ धंद्यासाठी आत घुसवलेली ॲप्स शेजारी शेजारी बसवलेली आहेत, आणि कोणते कुठले हे सांगायची तसदी कोणी घेत नाही.

हे बसवणे नेमके कसे होते, ते आधी समजून घेऊ. अँड्रॉइड फोनच्या साठवणुकीत एक भाग कुलूपबंद असतो. कारखान्यात त्यावर जे लिहिले जाते ते फक्त वाचता येते, आपल्याला पुसता येत नाही. आपले फोटो, आपण उतरवलेली ॲप्स, त्यांचा डेटा हे सारे दुसऱ्या, मोकळ्या भागात राहते. फोन ‘फॅक्टरी रीसेट’ केला की पुसला जातो तो हा मोकळा भाग. कुलूपबंद खोलीतले रहिवासी जागेवरून हलत नाहीत. म्हणूनच त्यांच्यापुढे ‘अनइन्स्टॉल’चे बटण नसते. असते ते ‘डिसेबल’चे, आणि कधी कधी तेही फिके, दाबता न येणारे. डिसेबल केलेले ॲप चालत नाही, बॅटरी खात नाही, नेट वापरत नाही. पण त्याची मूळ प्रत जागा अडवून बसलेलीच असते. 64 जीबीच्या फोनवर पहिल्याच दिवशी पंधरा-वीस जीबी भरलेली दिसते, त्यात या खोलीचा वाटा मोठा.

जागेपेक्षा मोठा प्रश्न अधिकाराचा आहे. 2015च्या अँड्रॉइड 6पासून आपण उतरवलेल्या ॲपला कॅमेरा, माइक, संपर्क यांची परवानगी त्या त्या वेळी मागावी लागते. कारखान्यातून आलेल्या ॲपला मात्र यातल्या काही परवानग्या न मागता मिळालेल्या असू शकतात, आणि बाहेरच्या ॲपला कधीच मिळणार नाहीत असे काही अधिकारही त्याच्याकडे असतात. फोन करण्याच्या ॲपने संपर्क वाचायला परवानगी मागत बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच खोलीत राहणाऱ्या खेळांच्या दुकानाला तोच मान का द्यायचा?

या मानाचा गैरवापर झालेला आहे. 2016च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ब्लू कंपनीच्या स्वस्त फोनांमध्ये एक प्रकार उघड झाला. फोन अद्ययावत ठेवण्यासाठी शांघायच्या ॲडअप्स कंपनीचे सॉफ्टवेअर त्यात आधीपासून घातलेले होते. ते लोकांचे एसएमएस दर 72 तासांनी चीनमधल्या सर्व्हरकडे पाठवत होते. क्रिप्टोवायर या सुरक्षा कंपनीला ते सापडले. ते ॲप ‘अपडेट’चे होते, म्हणजे कोणताही जाणकार ‘याला हात लावू नका’ असेच म्हणाला असता. पुढे 2019मध्ये स्पेनमधल्या इम्डिया नेटवर्क्स या संस्थेच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 214 कंपन्यांच्या 1,742 फोनांमधली आधीपासून बसवलेली 82 हजारांहून अधिक ॲप्स तपासली. जाहिरात आणि माग काढणाऱ्या कंपन्यांचे हात त्यात खोलवर पोहोचलेले होते, आणि नेमके कोण जबाबदार हे ॲपच्या सहीवरूनही धड कळत नव्हते.

मग सगळेच संशयित मानायचे? तसे केले तर सुक्याबरोबर ओलेही जळते. बॅटरीच्या यादीत ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’ वर दिसते म्हणून अनेकांना ते खादाड वाटते. ते सोसायटीच्या सामाईक मीटरसारखे आहे. टॅक्सीचे ॲप, नकाशा, हवामान यांना ठिकाण हवे असते तेव्हा ते बहुधा त्याच्यामार्फत विचारतात. पन्नास ॲप्सच्या सूचना पन्नास वेगळ्या जोडण्यांनी येण्याऐवजी त्याच्या एका जोडणीतून येतात. वीज वापरली घराघरांनी, बिल मात्र जिन्याच्या नावावर. ते बंद पाडले तर सूचना अडतात आणि पैसे पाठवण्याची काही ॲप्स ‘हा फोन सुरक्षित नाही’ म्हणून पाय मागे घेतात. बिल कमी करायचे तर कोणते ॲप सारखे ठिकाण विचारते ते शोधावे. अँड्रॉइड 12पासूनच्या ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’मध्ये ते वेळेसकट दिसते.

‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ हे आणखी एक अनोळखी नाव. दुसऱ्या ॲपच्या आत एखादे वेबपान उघडते तेव्हा ते दाखवण्याचे काम याचे. 2021च्या मार्चमध्ये याचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरच्या फोनांत जीमेलसह कितीतरी ॲप्स उघडताच मिटू लागली. फोन बिघडला असे समजून काहींनी तो पार पुसून टाकला. तात्पुरती दुरुस्ती साधी होती : वेबव्ह्यूच्या पानावर जाऊन ‘अपडेट्स अनइन्स्टॉल करा’. हे बटण बहुतेक सिस्टम ॲप्सना असते आणि ते ॲपला कारखान्यातल्या मूळ रूपात परत नेते. एखादे चांगले चालणारे ॲप अचानक अडखळू लागले तर डिसेबलच्या आधी याची आठवण ठेवावी.

‘सिम टूलकिट’ या ॲपची गोष्ट आपल्याकडची, रोजची. आपण काहीतरी टाइप करत असताना मधेच राशिभविष्य, क्रिकेट किंवा गाण्यांची चौकट उगवते. घाईत ‘ओके’वर बोट पडले की सेवा सुरू होऊन शिलकीतून पैसे वजा होऊ शकतात. राग निघतो तो त्या ॲपवर. ते बिचारे निरोप्या आहे. निरोप सिमकार्डातून, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीकडून येतो. ते ॲप उघडले की आत त्या जाहिरातसेवेचे नाव दिसते आणि तिथेच ती थांबवण्याचा पर्याय सापडतो. वयस्क माणसाचा फोन हाती आला की हे एक काम करून द्यावे.

2024च्या अखेरीस ‘अँड्रॉइड सिस्टम सेफ्टीकोअर’ नावाचा घटक गुगलने फोनांत उतरवला, आणि 2025च्या आरंभी लोकांना तो यादीत सापडल्यावर गहजब झाला : गुगल आमचे फोटो तपासते! प्रत्यक्षात संदेशातून नग्न चित्र आले तर ते धूसर करून आधी इशारा द्यावा, यासाठी तो होता. ओळखण्याचे काम फोनवरच होते आणि प्रौढांच्या फोनवर तो इशारा आपणहून चालू करावा लागतो. गुगलवर एरवी कडक टीका करणाऱ्या ग्राफीनओएस या अँड्रॉइडवर आधारित प्रणालीच्या मंडळींनीही हा घटक गुगलकडे चुगली करत नाही असे स्पष्ट केले. तो खुल्या स्वरूपात तपासायला दिलेला नाही, ही त्यांची तक्रार होती. या वादात लोक चुकले असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण घरात कोणी आले याची खबर घरमालकाला महिनाभराने शेजाऱ्याकडून कळत असेल, तर त्याने चोर चोर म्हणून ओरडावे यात नवल ते काय?

निवड करण्याची रीत फार अवघड नाही. ज्या नावाचा फोन, सिम, कीबोर्ड, सेटिंग्ज, अपडेट, सुरक्षा यांच्याशी संबंध दिसतो त्याच्या वाटेला जाऊ नये. खरेदी, खेळ, बातम्या, व्हिडिओ, लॉक स्क्रीनवर जाहिरातवजा चित्रे फिरवणारी ॲप्स बिनदिक्कत काढावीत. निघत नसतील तर डिसेबल करावीत. मधल्या संशयितांच्या परवानग्या आणि नेटचा वापर पाहावा. एका वेळी एकच ॲप बंद करावे आणि दोन दिवस वाट पाहावी. दहा एकदम बंद केली आणि गजर वाजेनासा झाला तर अपराधी कोण हे शोधता येत नाही. संगणकाला जोडून आज्ञा देऊन सिस्टम ॲप ‘काढण्याची’ युक्ती तरुण मंडळी करतात. त्यात ॲप आपल्या खात्यापुरते नाहीसे होते, कुलूपबंद खोलीतली प्रत शिल्लक राहते. चुकीची वीट उपसली तर फोन सुरूच होत नाही, म्हणून अंदाजाने हे करू नये.

आणि ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ म्हणवणारी ॲप्स? नकोतच. मोकळी रॅम ही काही शिल्लक टाकलेली कमाई नव्हे. जागा लागली की प्रणाली आपणच जुनी ॲप्स मिटवते. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप्स बोटाने वर सारून देण्याने बॅटरी वाचत नाही, हे 2016मध्ये अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहाइमर आणि ॲपलचे क्रेग फेडेरिगी या दोघांनीही सांगून टाकले होते. सवय मात्र गेलेली नाही.

प्रश्न उरतो तो निघू न देणाऱ्यांचा. स्वस्त फोन स्वस्त असण्याचे एक कारण ही बिऱ्हाडेच आहेत. फोनवर नफा थोडा, तो भरून निघतो ॲप आधीच बसवून देण्याच्या मोबदल्यातून आणि जाहिरातींतून. त्यात बेकायदा काही असेलच असे नाही. पण ग्राहकाला हा सौदा झाल्याचे सांगितलेलेच नसते. भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला तेव्हा दिलेल्या आदेशांत, गुगलची आधीपासून असलेली ॲप्स काढून टाकण्यापासून लोकांना अडवू नये, हेही एक कलम होते. 29 मार्च 2023 रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु जे चार आदेश रद्द केले त्यात नेमके हे कलम गेले. युरोपात उलटे झाले. तिथल्या डिजिटल बाजारपेठ कायद्यामुळे डिसेंबर 2024पासून आयफोनवरचे सफारी, कॅमेरा, फोटो, इतकेच काय ॲप स्टोअरही काढता येते. आपल्याकडच्या आयफोनवर ते जिथल्या तिथे आहे. तांत्रिक अडचण म्हणून जे सांगितले जाते ते कायद्याने दटावल्यावर किती पटकन सुटते, याचा हा नमुना.

यात सरकारही मागे राहिले नाही. 28 नोव्हेंबर 2025च्या आदेशाने दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप 90 दिवसांत बसवण्यास आणि त्याची कार्ये बंद वा मर्यादित होऊ न देण्यास कंपन्यांना सांगितले. ॲप उपयोगी आहे यात वाद नाही. हरवलेला फोन त्यातून बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळते. पण आरडाओरड झाली. हवे तर काढून टाका, असे मंत्र्यांना म्हणावे लागले आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. भोंगा वाजवणारे ॲपही सरकारी कामाचेच होते, मग त्याला कोणी का हरकत घेतली नाही? कारण ते टॉवरकडून येणारे ऐकते, आपल्याकडून काही मागत नाही. संचार साथी अँड्रॉइडवर कॉल, एसएमएस, कॅमेरा यांची परवानगी मागते. जे मागते ते नाकारता आले पाहिजे, मग मागणारी कंपनी असो की सरकार. आणि एखादे ॲप काढू देता येत नसेल, तर का, हे त्याच्या पानावर मराठीत दोन ओळींत लिहिण्याची जबाबदारी ते बसवणाऱ्याची आहे.

फोनच्या खोक्यावर आज मेगापिक्सेल, बॅटरी, कमाल किरकोळ किंमत, बहुतेकदा रेडिओलहरींचे ‘सार’ मूल्यही छापलेले असते. साठवणुकीचा आकडा तर सर्वांत ठळक. त्यातली मोकळी किती, न निघणारी ॲप्स किती आणि कोणाची, याबद्दल एक अक्षर नसते. शेंगदाण्याच्या पाकिटावर निव्वळ वजन छापल्याशिवाय ते या देशात विकता येत नाही. तोच नियम या खोक्याला लावायला नवा कायदा घडवत बसण्याची गरज पडू नये.