‘गुड एबनिंग’ म्हणणारे मॅनेजर

आमच्या घरीं शनिवार-रविवारीं रात्रीं दिवे मालवण्यास हल्लीं फार उशीर होतो. याचें कारण आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव. शिक्षण झालें, नोकरी लागली, परंतु शाळकरी वयांत लंडनच्या आर्सेनल नांवाच्या फुटबॉल-क्लबाशीं त्याचें जें नातें जडलें तें कांहीं सुटलें नाहीं. लंडन त्यानें अजून डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. तरी तो क्लब हरला कीं दुसरे दिवशीं याचें ताटावर लक्ष नसतें, आणि जिंकला कीं ज्यांस त्या खेळांतलें ओ कीं ठो कळत नाहीं अशा आमच्याहि हातावर पेढा पडतो. या वेडाची आम्हीं पुष्कळ थट्टा केली. पुढें पुढें त्याच्या शेजारीं बसून आम्हीहि थोडें पाहूं लागलों, आणि पाहतां पाहतां एका परक्या गृहस्थाच्या कथेनें आमचें मन धरून ठेविलें.

त्या गृहस्थांचें नांव उनाय एमेरी. १४ एप्रिल २०२४ रोजीं बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला या संघानें आर्सेनलच्या घरच्या मैदानावर येऊन आर्सेनलला दोन गोलांनीं हरविलें. सामना संपण्यास सहा मिनिटें उरलीं असतां पहिला गोल झाला आणि तीन मिनिटांनीं दुसरा. मोसमाच्या अखेरीस मँचेस्टर सिटीचे ९१ आणि आर्सेनलचे ८९ गुण झाले. वीस वर्षांनीं हातीं येऊं पाहणारें अजिंक्यपद दोन गुणांनीं गेलें. हा घाव घालणाऱ्या संघाचे मॅनेजर एमेरी, आणि ह्याच एमेरींना सुमारें साडेचार वर्षांपूर्वीं आर्सेनलनें कामावरून दूर केलें होतें!

पुतण्या आतां त्यांस चार शेलके शब्द ऐकवील अशी आमची अपेक्षा. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला आणि म्हणाला, “अण्णा, आम्ही या माणसाला फार हंसलों हो.”

मॅनेजर म्हटल्यावर आमच्या कित्येक वाचकांस नाटकमंडळीचे, तिकिटांचा गल्ला मोजणारे मॅनेजर आठवतील. विलायतेंतील फुटबॉलचा मॅनेजर निराळा. अकरा गडी कोणते घ्यावयाचे, कोणीं कोठें उभें राहावयाचें, प्रतिपक्षाचा व्यूह कसा फोडावयाचा, हें सर्व त्याच्या शिरावर. गुरु तोच आणि सेनापतिहि तोच, अर्थात् द्रोणाचार्यच. फरक एवढाच कीं, द्रोणाचार्यांस टोंचून बोलणारा दुर्योधन एकटा होता. येथें एकेका मैदानावर साठ साठ हजार असतात.

एमेरी हे स्पेनच्या बास्क प्रांतांतले. फ्रान्सच्या सरहद्दीवरील होंदारिबिया या गांवीं १९७१ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील गोलरक्षक आणि आजोबाहि गोलरक्षक. स्पेनची राष्ट्रीय लीग १९२९ सालीं सुरू झाली तेव्हां त्या लीगमधला अगदीं पहिला गोल ज्यांच्यावर झाला तेच हे आजोबा. घराण्याची कीर्ति म्हणावी तर अशी! नातू खेळाडू म्हणून बहुतेक दुसऱ्या वर्गांतच राहिला. लोर्का नांवाच्या लहानशा क्लबांत गुडघा दुखावून बसला असतां मालकांनीं त्यालाच शिकविण्यास उभें केलें, आणि त्याच मोसमांत, २००५ सालीं, तो क्लब वरच्या वर्गांत चढला. पुढें व्हॅलेन्सियाचा संघ त्यांच्या हाताखालीं लागोपाठ तीन वर्षें तिसरा आला. सेव्हियाच्या संघानें २०१४, २०१५ आणि २०१६ अशी तीन वेळां युरोपा लीग जिंकली. प्रतिपक्षाच्या सामन्यांच्या चित्रफिती दाखविण्याचा त्यांचा सोस असा कीं, त्या पाहतां पाहतां आपल्याजवळचे मक्याचे लाह्यासुद्धां संपले अशी तक्रार होआकिन या खेळाडूनें थट्टेनें केली होती. शिकविण्याचें वेड असलेल्या माणसाचें हें लक्षण आम्हांस चांगलें ओळखतां येतें.

असे हे गृहस्थ मे २०१८ मध्यें आर्सेनलला आले. त्यांच्या आधीं आर्सेन वेंगर हे बावीस वर्षें त्या जागीं होते. २००३-०४ च्या मोसमांत ३८ सामन्यांपैकीं एकहि न हरतां त्यांनीं लीग जिंकून दिली होती. ज्या शाळेंत एकच हेडमास्तर बावीस वर्षें राहिले तेथें मागून येणाऱ्याची काय स्थिति होते, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. नव्या माणसाच्या चुका मोजल्या जातात आणि जुन्याच्या विसरल्या जातात. तरी पहिलें वर्ष वाईट गेलें नाहीं. मध्यंतरीं लागोपाठ २२ सामने संघ अपराजित राहिला. लीगमध्यें चौथा क्रमांक एका गुणानें हुकला. आणि बाकू येथें युरोपा लीगच्या अंतिम सामन्यांत चेल्सीनें चारास एक असा पराभव केला. दुसऱ्या वर्षीं मात्र घडी विस्कटली. कर्णधार कोण हें सप्टेंबर संपत आला तरी ठरेना. आणि जो ठरला त्याची २७ ऑक्टोबर २०१९ रोजीं घरच्याच प्रेक्षकांनीं मैदान सोडतांना हुर्यो केली. पाठोपाठ सात सामन्यांत जय नाहीं. २८ नोव्हेंबरच्या रात्रीं फ्रँकफुर्टच्या संघाकडून हार झाली तेव्हां मैदानांतल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्याच होत्या. दुसरे दिवशीं एमेरींना निरोप मिळाला.

हा झाला कामाचा इतिहास. परंतु पुतण्या ज्यास ‘हंसलों’ म्हणतो तें कामावरचें हंसणें नव्हे. एमेरी दुभाष्यावर न विसंबतां वृत्तपत्रकारांशीं इंग्रजींतच बोलत. तें इंग्रजी अर्धेंमुर्धें होतें, आणि ते ‘ईव्हनिंग’ ऐवजीं ‘एबनिंग’ म्हणत. एवढ्यावर सगळें मैदान खूष! ‘गुड एबनिंग’ हें त्यांचें नांवच पडलें. जिंकत होते तोंवर त्या हंसण्यांत लाड होता, हरूं लागले तशी त्यांत धार आली. आमच्या घरांतसुद्धां वर्षभर दिवेलागणीला पुतण्या ‘गुड एबनिंग’ म्हणूनच आंत येई आणि घरांतलीं मुलें तेंच उचलीत. आम्हांस वाटे, हा कांहीं नवा विनोद असावा.

वस्तुतः स्पॅनिश भाषेंत ‘ब’ आणि ‘व’ हीं अक्षरें लिहितांना दोन, उच्चारतांना एकच. ज्याच्या कानानें बाळपणीं हा भेद ऐकलाच नाहीं त्याच्या जिभेनें तो चाळिशीनंतर कोठून आणावा? आणि आपणां भारतीयांस तरी यांत हंसण्यासारखें काय आहे? आपण ‘वीस’ म्हणतों, हिंदी बोलणारा ‘बीस’ म्हणतो. आपली ‘वीज’ त्याची ‘बिजली’. बंगाल्यांत तर ‘वन’ म्हणावयासहि ‘बन’च म्हणावें लागतें. संस्कृत काव्यशास्त्रकारांनीं यमकादि ठिकाणीं ब आणि व यांत भेद धरूं नये अशी मोकळीकच देऊन ठेविली आहे. काव्याला जें चालतें तें फुटबॉलला कां चालूं नये?

हें पुतण्यास ऐटीनें सांगत असतां आम्हांस आमचा वर्ग आठवला आणि बोलणें अर्ध्यावर थांबलें. पस्तीस वर्षें आम्हीं संस्कृत शिकविलें. ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘स’ यांचा भेद मुलांच्या जिभेवर बसविणें हा आमच्या अभिमानाचा विषय. एका वर्षीं खेड्यांतून आलेला एक मुलगा ‘रामेण’ हें रूप ‘रामेन’ असें म्हणे. नवल हें कीं, नकाराचा णकार केव्हां होतो आणि मध्यें कोणतीं अक्षरें आलीं तरी बाध येत नाहीं, हा नियम त्याच्याइतका स्वच्छ वर्गांत कोणासहि सांगतां येत नसे. सगळा नियम बिनचूक सांगून तो शेवटीं “म्हणून रामेन” म्हणे, आणि वर्ग खो खो हंसे. आम्ही हंसलों नाहीं असें लिहिलें तर तें असत्य होईल. पहिल्या सहामाहीनंतर त्यानें हात वर करणें सोडलें.

आतां न्यायाची गोष्ट. एमेरींना दूर करणें चुकीचें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. सात सामने जय नाहीं हें खोटें नव्हे. गुरूचें बोलणें शिष्यांपर्यंत पोंचत नसेल तर गुरूची विद्या कितीहि मोठी असो, त्या वर्गापुरती ती वायां जाते. आणि तसें कांहींसें तेथें झालें असावें. परंतु ‘याचें सांगणें खेळाडूंस कळत नाहीं’ हा आक्षेप निराळा आणि ‘हा एबनिंग म्हणतो’ हा निराळा. पहिल्याचा विचार करावा लागतो. दुसऱ्यास विचार लागत नाहीं. लोकांनीं दुसरा पत्करला आणि पहिलाच केल्याचा आव आणला.

पुढें एमेरी स्वदेशीं व्हियारियल या क्लबाकडे गेले. कौलें-फरशांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या मुलुखांतलें हें गांव. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. आर्सेनलच्या मैदानांत अख्खें गांव बसवून वर दहा हजार खुर्च्या उरतील. या संघानें २०२१ च्या युरोपा लीगमध्यें उपान्त्य फेरींत गांठलें तें आर्सेनललाच. घरीं दोनास एक असा जय, लंडनला बरोबरी, आणि आर्सेनल बाहेर. मग २६ मे रोजीं पोलंडमधील ग्डान्स्क येथें मँचेस्टर युनायटेडबरोबर अंतिम सामना. तो बरोबरींत सुटला आणि पेनल्टी सुरू झाल्या. दोन्हीं बाजूंचे दहाहि गडी चुकले नाहींत. शेवटीं गोलरक्षकांवर पाळी आली. व्हियारियलच्या रुल्लीनें आपली पेनल्टी मारली आणि समोरच्या गोलरक्षकाची अडविली. अकरास दहा! क्लबाच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या आयुष्यांतला तो पहिला मोठा करंडक. गोलरक्षकांच्या घराण्यांतल्या माणसाला तो एका गोलरक्षकानेंच मिळवून द्यावा, हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो. पुढच्याच वर्षीं याच संघानें युव्हेंटस आणि बायर्न म्युनिक यांस घरीं बसवून चॅम्पियन्स लीगची उपान्त्य फेरी गांठली.

ऑक्टोबर २०२२ मध्यें ॲस्टन व्हिलानें त्यांस पाचारण केलें तेव्हां तो संघ लीगच्या तळाशेजारीं होता. मोसम संपला तेव्हां सातवा, त्याच्या पुढच्या वर्षीं चौथा. १९८२ सालीं युरोपियन कप जिंकलेल्या या जुन्या क्लबास युरोपच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेंत चाळीसांहून अधिक वर्षांनीं पुन्हां पाऊल टाकतां आलें. डिसेंबर २०२३ मध्यें आर्सेनलला हरविलें तो त्यांचा लीगमधला घरच्या मैदानावरील लागोपाठ पंधरावा जय होता. एमेरींचें इंग्रजी पुष्कळ सुधारलें आहे, असें पुतण्या सांगतो. ‘एबनिंग’ सुधारलें कीं नाहीं तें आम्हीं विचारलें नाहीं.

मग आर्सेनलच्या भक्तांचें मत पालटलें. परंतु मत पालटण्याच्याहि तऱ्हा असतात. पुतण्याचे कांहीं मित्र म्हणतात, “माणूस चांगला, पण लहान क्लबांपुरता, आमच्यासारख्या मोठ्या ठिकाणचा नव्हे.” यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं, कारण पॅरिसलाहि ते दोनच वर्षें टिकले. तरी हें बोलणें आम्हांस ‘मुलगा हुशार खरा, पण आमच्या घराण्याला शोभण्यासारखा नव्हे’ या जातीचें वाटतें. चूक कबूल करावयाची आणि मान मात्र ताठ ठेवावयाची! दुसरे कित्येक सरळ म्हणतात कीं तो जिंकला म्हणून आम्ही चुकलों. हेंहि आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. तो ग्डान्स्कला एक पेनल्टी हुकून हरला असता तर मग यांचें हंसणें योग्य ठरलें असतें काय?

पुतण्यानें मांडलेला मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. एमेरींच्या मागून आर्सेनलला आले ते मिकेल आर्तेता. तेहि बास्क, होंदारिबियापासून जवळच असलेल्या सान सेबास्तियानचे. त्यांच्या हाताखालीं संघ पहिल्या दोन्ही मोसमांच्या अखेरीस आठवा आला. एमेरींचा पांचवा आला होता. आर्तेतांवरहि लोक चिडले. २०२० च्या डिसेंबरांत तर ‘यांसहि घालवा’ अशी ओरड झाली. परंतु क्लब थांबला, आणि थांबल्याचें फळ पुढें दिसलें. “एक ह्या क्लबाचा जुना खेळाडू, इंग्लंडांत वर्षानुवर्षें राहिलेला, अस्खलित बोलणारा,” पुतण्या म्हणाला, “त्याच्यावर आम्ही रागावलों, अण्णा, पण त्याला कधीं हंसलों नाहीं. रागावलेला माणूस थांबतो. हंसलेला थांबत नाहीं.” हें वाक्य त्यास कोठें सुचलें कोण जाणे, आम्हीं तें टिपून ठेविलें. यावरून कांहीं सिद्ध होतें असें नाहीं. आर्तेतांस मिळाले तसे खेळाडू आणि तितका पैसा एमेरींस मिळता तर, इत्यादि ‘जर-तर’ पुष्कळ आहेत. पण दोन शेजारगांवच्या माणसांस दोन निरनिराळीं मापें लागलीं एवढें खरें.

परवां रात्रीं सामना नव्हता. जेवणें आटोपल्यावर पुतण्या सुपारी कातरीत बसला होता. एकाएकीं म्हणाला, “अण्णा, तो तुमचा ‘रामेन’ म्हणणारा मुलगा पुढें कोठें गेला?”

आम्हांस सांगतां आलें नाहीं. शालान्त परीक्षेनंतर त्यानें गांव सोडलें एवढें आठवतें. संस्कृतांत त्यास गुण किती पडले, हेंहि आम्हीं त्या वेळीं विचारलें नव्हतें.