कोणाची मराठी?

शासकीय जनसंपर्काचे प्रशिक्षण म्हणजे समाजमाध्यमे, चित्रफिती आणि प्रतिमासंवर्धन, हा समज आम्हांला मान्य नाही. बोलण्याआधी ऐकावे लागते. उरणच्या मोरा बंदराचेच पाहा. भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच ओहोटीला गाळामुळे अडते. तिथल्या कोळ्यांना उधाण आणि भांग यांचा हिशेब तोंडपाठ असतो. त्यांच्यापुढे ‘तांत्रिक कारणास्तव सेवा स्थगित’ असले वाक्य टांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. परिभाषेला आमचा विरोध नाही. कायद्याला ती लागतेच. पण 1964 च्या राजभाषा अधिनियमाने कचेरीत आलेली मराठी लोकांना कळावी, ही जबाबदारी कोणाची? 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4(4) तर स्थानिक भाषा आणि त्या भागातली सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यायलाच सांगते. (ते किती प्रशिक्षणवर्गांत वाचले जाते?) याच तालुक्यात, जासईला, जानेवारी 1984 मध्ये भूसंपादनाविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. तिथे सूचनांची टंचाई नव्हती. ऐकणारे कोणी नव्हते. म्हणून आमची मागणी एवढीच, की प्रशिक्षणाचा पहिला आठवडा धक्क्यावर, लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपून घेण्यात जावा.