लिहायची एवढी घाई कशाला?

पालकहो, प्रवेशाचे दिवस आले की बालवाडीच्या दारात हमखास ऐकू येतं, “लिहायला कधी घेणार?” मूल जेमतेम तीन वर्षांचं. त्यापेक्षा हे विचारा: मुलं अंगणात किती वेळ असतात? वाळू, माती, पाणी खेळायला मिळतं का? आणि वर्गात जास्त कोण बोलतं, बाई की मुलं?

या वयात मनगटाची हाडं पुरती तयार झालेली नसतात. हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळतं, कागद फाटेस्तोवर दाबतं आणि अर्ध्या ओळीत रडकुंडीला येतं. त्यालाच चिंचोके वेचून डबीत भरायला द्या, कणकेच्या गोळ्या वळू द्या, शर्टाची बटणं त्याची त्यालाच लावू द्या. रिक्षा दारात उभी असताना हे जमत नाही, कबूल. रविवारी तरी करा. चिमटीत बळ येतं ते यातूनच. चिंचोके भावंडांत वाटताना मोजणंही होऊन जातं.

ही नवी टूम नव्हे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डी या गावी गेल्या. मॉण्टेसोरी पद्धतीची महागडी साधनं तिथं परवडणार कशी? मग शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी हे काम कोसबाडला नेटानं पुढे चालवलं. पायाभूत स्तराचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही सांगतो की, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक नेमू नये.

तरी वह्या भरतातच, कारण भरलेली वही पाहिली की आपल्याला फी वसूल झाल्यासारखं वाटतं. शाळांना हे पक्कं ठाऊक आहे. लिहिण्यासारखीच घाई इंग्रजीचीही. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी ‘सिट डाऊन’ ऐकवलं, तर ते गप्पच बसणार. त्याला त्याच्या बोलीत भरपूर बोलू द्या. इंग्रजी कुठे पळून जात नाही.

येत्या पालकसभेत हे बोला. एकट्यानं नको, चार-पाच जणांनी मिळून बोला. ‘ज्युनिअर केजीचा गृहपाठ बंद करा, त्या वेळात गोष्ट सांगा,’ असं सरळ मागा. पालकांकडूनच मागणी आली, तर बहुतेक बाईंना ते हवंच असेल.