पहिला लिटर घरचा



गेल्या महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी बैठकीला गेलो होतो. ज्या घरी उतरलो तिथे गोठ्यात दुभती गाय होती आणि माझ्या हाती आला तो काळा चहा. घरची माऊली ओशाळून म्हणाली, "दूध सकाळीच डेअरीत गेलं ना भाऊ." तिची तीन वर्षांची पोर त्याच काळ्या चहात भाकरी बुडवून खात होती.

कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर धड कापड नसते, हे आपण सभांतून अनेकदा बोललो. धार काढणाऱ्याच्या पोराला दूध नसते, हे बोलायची मात्र आपल्याला लाज वाटते. ते आज बोलायचे आहे.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. तिथे गाय शिकवली ती लिटरांत आणि फॅटमध्ये. गाय घरासाठीही असते हा धडा पुस्तकात नव्हता. सरकारचेही तेच. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजात विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत जादा दूध देणाऱ्या गाई अनुदानावर दिल्या. कोरडवाहू शेतकऱ्याकडे ना हिरवा चारा, ना पाणी. गाय रोज खुराक मागे आणि दुधाच्या पैशात खुराक भागेना. अनेकांनी त्या गाई मिळेल त्या भावाला विकून सुटका करून घेतली.

माझे म्हणणे साधे आहे. धंद्यासाठी गाय पाळायची की नाही, हे ज्याने त्याने आपले पाणी आणि दुधाचा भाव पाहून ठरवावे. पण चाऱ्याची सोय असेल तर घरच्या दुधासाठी एक गाय ठेवावी आणि तिचा पहिला लिटर घरात राहावा. डेअरीत जाईल ते उरलेले.

गाय घ्यायची ती आपल्या मुलखातली. वर्ध्याकडे गवळाऊ, लातूरकडे देवणी, नांदेडकडे लाल कंधारी. दोन-तीन लिटर देते म्हणून गवळाऊला लोक नावे ठेवतात. पण ती आपल्या उन्हात टिकते, कडब्या-कुटारावर निभावते आणि वासराचा वाटा सोडूनही पोरांपुरते दूध देते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि दुधात तो भरपूर असतो. म्हणून नुसत्या भाकरीपेक्षा दूध-भाकरीने पोराचे अंग भरते. आपल्या आज्या दूध-भाकरी कुस्करून भरवत होत्या, त्या काही चुकत नव्हत्या.

पण गाय ज्वारीच्या मागे येते. आपण कापूस आणि सोयाबीन वाढवले, ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबाही गेला. पऱ्हाटीवर गाय जगत नाही. तीनशे किलोच्या गाईला सगळे मिळून दिवसाला सात-आठ किलो कोरडे खाद्य लागते. वर्षाचे होते सुमारे २७ क्विंटल. उंच वाणाची ज्वारी पेरून, तुरीचे कुटार सांभाळून आणि बांधावरचे गवत राखून एवढे जमत असेल तरच गाय बांधा. उपाशी गाय दारात उभी करणे यात पुण्य नाही.

दुसरी गोष्ट वासराची. दूध मुळात त्याचे आहे. व्याल्यावर पहिल्या दोन तासांत चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. वीस किलोच्या वासराला दिवसाला दोन लिटर. पुढे दोन सड वासराला, दोन घराला, ही जुनी वाटणी चांगली आहे. वासरू उपाशी मारायचे आणि त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे उभे करायचे, किंवा पान्ह्यासाठी रोज सुई टोचायची, असले दूध आपल्या घरात नको. विण्याआधी दोन महिने गाय आटवा. लहान वासराला सरकीची ढेप घालू नका. फवारलेल्या कपाशीतले गवत गाईला कापून आणू नका. दूध उकळूनच प्या. गाईला औषधाची सुई दिली तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरात घेऊ नका आणि डेअरीतही घालू नका. आपल्या पोराला जे चालत नाही, ते शहरातल्या पोरालाही चालत नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. गाय भाकड झाली की काय? गोऱ्हा झाला तर काय? गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद होती, मार्च २०१५ पासून बैलाचीही बंद झाली. बाजार बसला. औत ट्रॅक्टरने चालते, म्हणून गोऱ्ह्याला दावणीत जागा नाही. मग आपण काय करतो? रात्री जनावर गावाबाहेर सोडून येतो आणि ते दुसऱ्याच्या तुरीत शिरते. दहा वर्षे जिचे दूध प्यालो तिची ही गत. हे पाप एकट्या शेतकऱ्याचे नाही, पण हात आपलाच असतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हटले. दिवसाला ५० रुपये जाहीर केले ते गोशाळांतल्या गाईंना. माता राहते आमच्या गोठ्यात आणि तिची पोटगी जाते दुसरीकडे! म्हातारी गाय जगावी अशी समाजाची इच्छा असेल तर वैरणीचा वाटा समाजाने उचलावा. ती सांभाळणाऱ्या शेतकऱ्यालाही तेच ५० रुपये मिळावेत. ते द्यायचे नसतील, तर आपले जनावर विकण्याची मोकळीक परत द्यावी. दोन्ही नाकारायचे आणि वर पूजा करायची, हे चालणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. गाय घेण्याआधीच ठरवा, ही म्हातारी झाली तर कडबा कोण घालणार. उत्तर नसेल तर घेऊ नका. एकापेक्षा जास्त वाढवू नका. कालवडच व्हावी यासाठी निवडलेल्या रेतमात्रा आता मिळतात, त्यांची चौकशी करा.

घरी ठेवलेले दूध फुकटचे समजू नका. डेअरीच्या भावाने ते वहीत जमा धरा, वैरण आणि मजुरी खर्ची घाला. आणि शेण काढते ती, धार काढते ती; तेव्हा घरात किती दूध ठेवायचे हेही तिनेच ठरवावे.

त्या गावी मी पुन्हा जाणार आहे. दूध आधी त्या पोरीला द्या. मला काळा चहा चालेल.