पंप एकच, न्याय दोन



मोटार जळाली की वीज कार्यालयात ठरलेले उत्तर मिळते. शेतकरी अडाणी, त्याला यंत्र चालवता येत नाही, ऑटोस्विच लावून झोपतो, मग मोटार जळणार नाही तर काय? विहिरीवर शॉक लागून माणूस गेला तरी शब्द तोच, निष्काळजीपणा. हे उत्तर एकदा तपासून पाहू.

आपल्या विहिरीवरचा पाच हॉर्सपॉवरचा पंप आणि कारखान्यातला मोठा पंप एकाच जातीचे, सेंट्रिफ्यूगल. आत पंखा फिरतो, पाणी कडेला फेकतो, मध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा खालचे पाणी त्या पोकळीत ढकलते. म्हणून पाण्यापासून वीस-बावीस फुटांच्या वर बसवलेला पंप पाणी देत नाही. पाणी खोल गेले की पंप विहिरीत खाली उतरवावा लागतो आणि चालू करायला माणसालाही खाली उतरावे लागते.

कारखान्यात हा पंप कसा चालू करतात? आधी मेन स्विच बंद ठेवून शाफ्ट हाताने फिरवून पाहतात, अडकत तर नाही ना. सक्शन पूर्ण उघडे ठेवतात. पंपात काठोकाठ पाणी भरतात, हवा काढून टाकतात. डिलिव्हरीचा वॉल बंद ठेवतात, कारण वॉल बंद असताना या पंपावर ओझे सर्वात कमी असते. मग बटण दाबतात. मोटारीने वेग घेतला की वॉल सावकाश उघडतात. बंद वॉलवर पंप जास्त वेळ ठेवत नाहीत, आतले पाणी तापते. काटा पाहतात, किती अँपिअर घेतले. बंद करतानाही आधी वॉल, मग बटण. नाहीतर पायपातले पाणी उलटे येऊन धडक देते. आणि पंप कोरडा कधीच चालवत नाहीत. कोरडा चालला की सील जळते, शाफ्ट खराब होतो.

यात आपल्याला न समजण्यासारखे काय आहे? काही नाही. विहिरीवरही क्रम हाच. पण या क्रमाला तीन गोष्टी लागतात: उजेड, जागा माणूस आणि पूर्ण दाबाची वीज. कारखान्याला या तिन्ही मिळतात. आपल्याला?

आपली वीज पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रात्री बाराला वीज आली आणि फूटव्हॉल्व्ह गळून पंपाने पाणी सोडलेले असले, की आपण एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात बादली घेऊन ओल्या पायऱ्यांनी विहिरीत उतरायचे. खाली ओल, पाय अनवाणी, वायर उघडी. कारखान्याच्या कोणत्या साहेबाने आपल्या माणसाला असे काम करू दिले असते?

आता दाब पाहू. थ्री फेजचा दाब ४१५ व्होल्ट. नियमाने त्यात ६ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे ३९० च्या खाली जाता कामा नये. लाइनच्या शेवटच्या खांबावर ३२० मिळाले, तर मोटारीची उचलण्याची ताकद शंभरातली साठ उरते आणि चालू पंप अँपिअर मात्र तिसऱ्या हिश्शाने जास्त ओढतो. तार तापते, वाइंडिंग जळते. एक फेज गेला तर आणखी लवकर. यात निष्काळजी कोण?

ऑटोस्विचचेही तसेच. वीज कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून ऑटोस्विच आला. पण हिशोब आपणही करू. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालताना सुमारे सात-साडेसात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या सहापट. वीज येताच वीस पंप एकदम उठले तर नऊशे अँपिअरची ओढ. शंभर केव्हीएच्या डीपीची ऐपत सुमारे एकशे पस्तीसची. डीपी उडाली की मग कुणालाच पाणी नाही.

कोरडवाहू माणसाची विहीर म्हणजे बागायत नव्हे. बोंडे भरताना कपाशीला एक पाणी, पोटरीत ज्वारीला एक पाणी, एवढाच तिचा आधार. ते आठ दिवस हुकले की वर्ष हुकले. नियम म्हणतो, ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलावी. तो नियम आपल्याला कुणी वाचून दाखवला आहे का?

सरकार म्हणेल, एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतचे बिल आम्हीच भरतो. बिल भरता, पण जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगचे पैसे कोण भरतो? सुकलेल्या बोंडांचे? फुकटची वीज म्हणजे तक्रारीचे तोंड बंद करण्याची किंमत असेल, तर ती आम्हाला महाग पडते. दिवसा वीज देऊ म्हणून २०१७ मध्ये सौर वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. ज्या वाहिन्या त्यावर आल्या त्यांचे चांगले झाले. बाकीच्यांना तारीख हवी, भाषण नको.

म्हणून या बैठकीत दोन्ही बाजूंचे ठराव व्हावेत.

आपल्या बाजूचे: ऑटोस्विच काढू. दोन फेजवर मोटार चालवण्याचे जुगाड बंद करू. कपॅसिटर, चांगला स्टार्टर आणि पंपाच्या सांगाड्याला अर्थिंग बसवू. फूटव्हॉल्व्ह हंगामाआधी दुरुस्त करू. रात्री एकट्याने विहिरीत उतरणार नाही. एका डीपीवरचे सगळे मिळून पंप सुरू करण्याचा क्रम लावू.

त्यांच्या बाजूचे: दिवसा ठरलेल्या वेळी वीज. ३९० च्या वर दाब. ४८ तासांत डीपी. प्रत्येक तक्रारीची तारीख-वेळ घातलेली पोच.

आपले ठराव आपण पाळू. मग निष्काळजीपणा हा शब्द उच्चारायला त्यांना जागा उरणार नाही, आणि तोच शब्द आपण त्यांच्या टेबलावर ठेवू.