सदतीस कीं त्र्याहत्तर?

आमच्या करवीर नगरींत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. मुलें शाळेंत जाऊं लागलीं. परंतु तेथें अंक सर्वांस सारखेच उमगतात, असें नाहीं. वाचण्याबोलण्यांत चुणचुणीत असलेलें एखादें मूल 'सदतीस' ऐकतें आणि ७३ लिहितें. डावें-उजवें विचारतांच गोंधळतें. घरांतील वडीलधारी मंडळी त्यास आळशी ठरवून मोकळी होतात. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

या अडचणीस गणन-अक्षमता म्हणतात. बुद्धि चांगली असूनहि अंक हाताळण्याची शक्ति जन्मतःच दुबळी असूं शकते, असें लादिस्लाव कोश्च या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं मांडलें. मेंदूच्या ज्या भागांत संख्येची जाण असते, तोच भाग दिशा आणि अंतर ओळखण्याच्या कामींहि येतो. म्हणून पुष्कळदां दोन्ही अडचणी एकाच मुलांत आढळतात.

त्यांत मायबोलीची एक खोच आहे. 'सदतीस' म्हणतांना जीभ सात आधीं उच्चारते, हात मात्र तीन आधीं लिहितो. 'एकोणचाळीस' म्हणतांना तर चाळिसाचें नांव घेऊन तिनानें आरंभ करावयाचा! भाषेमुळें ही अक्षमता जडत नाहीं. पण अशा मुलाचें ओझें वाढतें. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत 'तीस सात' अशा धर्तीचें वाचन आलें, तेव्हां त्याची केवढी थट्टा झाली! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनीं मुलांची हीच अडचण पुढें ठेविली होती.

घरीं काय करावें? चिंचोक्यांचे दहा-दहांचे तीन ढीग व सात सुटे मांडावे, मूल हातानें मोजूं द्यावें, मग अंक लिहवावा. अंबाबाईच्या देवळांत प्रदक्षिणा घालतांना देवी उजव्या हाताला राहते, हें चालतां चालतां दाखवावें. चुलत भावंडांसमोर पाढे म्हणावयास उभें करून त्याचें हसें मात्र कदापि करूं नये. एकदां बसलेली धास्ती अंकांहूनहि अवघड होऊन बसते.

लहानपणीं अंक उलटे पडणें स्वाभाविकच आहे. तिसरी-चौथींतहि गोंधळ टिकला, तर तज्ज्ञांकडून तपासणी करवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास शालान्त परीक्षेंत सवलती मिळतात. त्या घेण्यांत घराण्याची नाचक्की नाहीं. नाचक्की आहे ती शहाण्या मुलास मठ्ठ म्हणून वाढविण्यांत.